टाकीचा चढ

मिस्त्रींच्या सायकल दुकानात दोन वस्तूंना हात लावायची कुणाला मुभा नव्हती. एक म्हणजे वाकडं झालेलं चाक सरळ करायचा, त्याचा आऊट काढायचा स्टँड, आणि दुसरी म्हणजे गल्ल्यामागच्या खिळ्यावरची निळी टोपी. स्टँडचं सोवळं लवकरच मोडलं. मिस्त्री आठवड्यातले तीन दिवस इस्पितळात रक्त शुद्ध करायच्या यंत्राला जोडलेले असायचे आणि गिऱ्हाईक काही यंत्र थांबायची वाट बघत नाही. बायकोनं आऊट काढायला शिकून घेतलं, छर्रे बदलायला शिकली, आणि आता तर लोक तोंडावर म्हणत, "मिस्त्री, तुमच्यापेक्षा वहिनींनी बसवलेलं चाक सरळ चालतं." पण टोपीला मात्र तिनंही कधी बोट लावलं नाही. धूळ झटकायची तर ती मिस्त्रींनीच, फुंकर मारून.

टोपी चॅम्पियनची होती. आता तो कोण हे सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचं चित्र नाही अशी शाळेची वही मिळत नव्हती. सायकलच्या मोठ्या शर्यती त्यानं एकामागून एक जिंकल्या होत्या आणि पोरंटोरं सोडाच, म्हातारे लोकही सायकलवर बसले की त्याच्यासारखी मान खाली घालायचे. त्या वर्षी गावातल्या चार भल्या लोकांनी ठरवलं, की इस्पितळात किडनीच्या रुग्णांसाठी यंत्रं फक्त दोन आहेत आणि रांग मोठी आहे, तर आपण सायकल फेरी काढू, लोकांकडून देणग्या मागू. झेंडा दाखवायला चॅम्पियनला बोलावलं. तो झेंडा दाखवून जाईल असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण भल्या माणसानं झेंडा खाली ठेवला, कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि आमच्या लोकांबरोबर निघाला.

फेरीच्या वाटेवर पाण्याच्या टाकीचा चढ आहे. तीन वळणं. तिसरं असं, की तिथं माणसाला देवही आठवतो आणि नको ते शब्दही. मिस्त्री तेव्हा धडधाकट होते, पण मागच्या कॅरिअरवर हत्यारांची लोखंडी पेटी. तिसऱ्या वळणावर त्यांचा जीव मेटाकुटीला आला. एवढ्यात पाठीवर एक तळवा टेकला. "वर बघू नका मिस्त्री, पुढचं चाक बघा," एवढंच चॅम्पियन म्हणाला, आणि टाकीपर्यंत त्यानं हात काढला नाही. तिथं ना फोटोवाला होता ना गर्दी. वर पोहोचल्यावर मिस्त्रींच्या डोक्यावर ऊन लागतंय असं बघून त्यानं आपली टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. पुन्हा कधी आला नाही.

पण हात मागे राहिला. पुढच्या वर्षी मिस्त्रींनी बेकरीवाल्याच्या पाठीवर तळवा टेकला. हा बेकरीवाला सव्वाशे किलोचा, म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं होतं छटाक. छटाकनं पुढं कुणा पोस्टमनला हात दिला, पोस्टमननं शाळेतल्या बाईंना. कुणी ठरवलं नाही, कुणी लिहून ठेवलं नाही, पण टाकीच्या चढावर जो अडेल त्याच्या पाठीवर मागच्याचा हात, हा त्या फेरीचा नेमच पडून गेला.

आणि मग देवाची करणी बघा. आठ फेऱ्या झाल्या आणि मिस्त्रींच्याच किडन्या गेल्या. ज्या यंत्रासाठी घाम गाळला त्याच यंत्राशेजारची खाट त्यांना मिळाली. "जागा आधीच धरून ठेवली होती म्हणा की," असं ते सिस्टरना म्हणायचे. सिस्टर म्हणजे त्या वॉर्डाच्या कर्त्यासवरत्या, आवाज खणखणीत, मन लोण्याचं. फेरीत मात्र मिस्त्री आता मागच्या गाडीत बसून पंक्चर काढायचे. दहा वर्षं तशीच गेली. मग गेल्या वर्षी त्यांचं रक्त बरंच सुधारलं आणि डॉक्टर म्हणाले, "बाकी गाडीतून जा, तो एक चढ हवा तर चढा." मिस्त्रींनी सगळ्यांना बजावलं, "पाठीला हात लावाल तर याद राखा." आणि चढले! तिन्ही वळणं, न उतरता. किडन्या गेल्या तेव्हा जी रडली नाही ती बायको टाकीखाली उभी राहून ढसाढसा रडली.

पुढचं वर्षभर दुकानात दुसरा विषय नव्हता. पंक्चर काढेपर्यंत पहिलं वळण, हवा भरेपर्यंत तिसरं. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, मागच्या वेळी ऐकलंय." हे म्हणायचे, "मागच्या वेळी घंटी बसवायची होती, थोडक्यात सांगितलं."

यंदा फेरीला दीड महिना राहिला होता. दुपारची वेळ, मिस्त्री यंत्राला जोडलेले, भिंतीवर टीव्ही चालू. पडद्यावर चॅम्पियन आला. केस पांढरे झालेले. खुर्चीत बसून तो सांगत होता, की हो, मी लबाडी केली. नऊ वर्षं केली. रक्त वाढवायची सुई घेत होतो. त्यानं सुईचं नाव घेतलं. सिस्टर तेव्हा मिस्त्रींच्या खाटेशी उभ्या होत्या आणि मिस्त्रींना दर वेळी टोचायच्या औषधाची डबी त्यांच्या हातात होती, तिच्यावर तेच नाव होतं.

माणूस उठून बाहेर तरी जातो. मिस्त्रींच्या डाव्या हातात दोन जाड सुया, नळ्यांतून रक्त फिरतंय, जाणार कुठं? त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "सिस्टर, हेच ना ते?"

"तेच. दुसरा दंड द्या इकडं."

"नको."

"नको? हा काय चहा आहे, नको म्हणायला?"

"गेल्या वर्षी चढ कोण चढलं, सांगा. मी, की ही डबी?"

सिस्टरनी डबी खाली ठेवली. "हे बघा मिस्त्री. तुमचं रक्त सात होतं, ते आपण अकरावर आणलं. त्याचं मुळातच पंधरा होतं. तुम्ही खड्ड्यातून जमिनीवर आलात. तो जमिनीवरून माडीवर चढला, आणि तेही मागच्या दारानं. दोन्ही एक कसं?"

"शिडी तर तीच ना?" मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी समजावलं, रागावले, शेवटी कागदावर सही घेतली. मिस्त्रींचं एकच पालुपद, "सुईशिवाय तो चढ एकदा चढतो. मग पुढचं बघू."

घरी बायकोनं जेवता जेवता विषय काढला. "म्हणजे चष्मा लावून मी आऊट काढते, तीही लबाडी का?"

"चष्म्याचं वेगळं."

"आणि कवळी लावून तुम्ही रोज हसता, ते हसू कुणाचं?"

"कवळीनं मी काही जिंकलो असं कुणाला सांगत फिरलो नाही!" मिस्त्रींनी ताट सरकवलं. मग आवाज उतरला. "अगं, या दहा वर्षांत माझं माझं असं काय राहिलं? पाणीसुद्धा मोजून पितो. तो एक चढ माझा होता. आता तोही त्याच्यासारखाच निघाला."

दुसऱ्या दिवशी तिनं पाहिलं तर खिळा रिकामा. टोपी फाटक्या ट्यूबच्या खोक्यात पडली होती.

सहा आठवडे गेले. मिस्त्रींचा चेहरा कागदासारखा झाला. दुकानाच्या दोन पायऱ्या चढले की बाकावर बसायचे आणि बसलोय ते कुणाला दिसू नये म्हणून मांडीवर एखादं चाक घ्यायचे. बायको ते चाक काढून घ्यायची, काम करायची आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवायची. पण फेरीच्या दिवशी तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि स्वतः मागच्या गाडीत त्यांच्या शेजारी येऊन बसली.

फेरी निघते तिथला फलक जुनाच होता, फक्त चॅम्पियनच्या चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवला होता. लोक मात्र नेहमीइतकेच होते. उलट दोन-चार जास्तच.

चढाच्या पायथ्याशी मिस्त्री गाडीतून उतरून सायकलवर बसले. पहिलं वळण निघालं. दुसऱ्या वळणावर कानात शिट्ट्या वाजू लागल्या. तिसऱ्याशी पॅडल जागच्या जागी थांबलं, सायकल डुलली आणि त्यांनी एक पाय जमिनीला टेकवला. छाती भात्यासारखी हलत होती. टाकी समोर दिसत होती आणि ती कधी नव्हे एवढी लांब गेली होती.

मागून छटाक आला. एकोणीस वर्षं तो सगळ्यांच्या शेवटी यायचा, आजही शेवटीच. "मिस्त्री, उतरू नका," तो धापा टाकत म्हणाला, "तुम्ही उतरलात तर मलाही उतरावं लागेल, आणि मी एकदा उतरलो की परत चढवायला क्रेन लागते." आणि त्यानं तळवा मिस्त्रींच्या पाठीवर टेकवला.

"हात काढ."

"नाही काढत."

"छटाक, हात काढ म्हणतो ना! मला स्वतःच्या बळावर चढायचंय."

"बरं, मग एक सांगा." छटाकनं हात काढला नाही. "दुसऱ्या फेरीपासून सात वर्षं माझ्या पाठीवर कुणाचा हात असायचा? तुमचा. वर टाळ्या कुणासाठी वाजायच्या? माझ्यासाठी. घरी जाऊन मी पोरींना सांगायचो, तुमचा बाप टाकीपर्यंत चढला. खोटं बोललो का मी?"

मिस्त्रींनी मान खाली घालून पुढचं चाक बघितलं.

"बोला की. पोरींशी खोटं बोललो?"

"नाही रे," मिस्त्री म्हणाले. "पाय तर तुझेच फिरत होते."

म्हणाले, आणि स्वतःच्याच तोंडाकडं बघावं तसे थांबले.

"त्या शर्यतींत असा हात लावला तर बाद करतात म्हणे," छटाक म्हणाला. "आपल्याकडं नाही लावला तर बाद. चला आता, बूड तापलंय माझं."

मिस्त्रींनी पाय पॅडलवर ठेवला. मागून छटाकनं रेटा दिला आणि स्वतःच मागं घसरू लागला. तेवढ्यात त्याच्याही पाठीवर एक हात पडला. मिस्त्रींची बायको गाडीतून उतरून, पदर खोचून चालत आली होती. "ढकला हो भाऊजी, मी आहे मागं." कोण कुणाला ढकलत होतं हे एका देवालाच ठाऊक; पण ती तीन माणसं, दोन सायकली, मुंगीच्या गतीनं ते वळण चढून गेली. वर पोहोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. छटाक वळला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर पाठीच्या मधोमध ग्रीसचा पंजा उमटला होता, पाचही बोटं स्पष्ट. आदल्या दिवशीच्या कामाचं ग्रीस वहिनींच्या हाताच्या रेषारेषांत मुरलेलं. घामानं ते सुटलं होतं. हसून हसून वहिनी टाकीच्या कठड्यावर बसल्या. मिस्त्रीही बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला आज मांडीवर चाक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा वार. सिस्टर खाटेशी आल्या. "काय मिस्त्री, आज चहा, की नको?"

मिस्त्रींनी बाही आधीच वर सारून ठेवली होती. "द्या."

सिस्टरनी शीतपेटीतून डबी काढली. पेटीच्या दारावर एक जुनी पट्टी होती, कडा उचकटलेली: सायकल फेरीकडून भेट. दहा वर्षं ती समोर होती. मिस्त्रींनी आज ती पहिल्यांदा वाचावी तशी वाचली. छटाक, पोस्टमन, बाई, सगळे त्यांना त्या दारात दाटीवाटीनं उभे दिसले.

"सिस्टर, त्याचं पुढं काय झालं हो?"

"कुणाचं?"

"चॅम्पियनचं."

"पदकं परत घेतली. घराबाहेर पडत नाही म्हणतात."

"घ्यायलाच हवी होती," मिस्त्री म्हणाले. "चोरीची होती." मग सुई दंडात असतानाच, "पण तो हात खरा होता. तिसऱ्या वळणावर बघायला कुणी नव्हतं." त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात हात जोडले; खरोखरचे जोडता येत नव्हते, एकात नळ्या होत्या. देवा, मला एवढे हात दिलेस, त्यालाही कुठल्या तरी वळणावर एक दे.

संध्याकाळी दुकानात आले तर बायको दारात, उतरत्या उन्हात चाक फिरवत बसलेली. डोक्यावर निळी टोपी. ट्यूबच्या खोक्यातून काढून, झटकून, सरळ घातलेली. पुढच्या टोकावर अंगठ्याएवढा काळा डाग.

तिनं मान वर केली. "ऊन लागत होतं. काढू का?"

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. "खिळ्याला कुठलं ऊन लागतंय?"

आणि चाकाचा आऊट काढायची चावी त्यांनी त्या रिकाम्या खिळ्याला अडकवली, तिच्या हाताला येईल अशी.