टिंब

अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या पोरापोरींचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता, 'जेवले का?' नावाचा. काढला होता कोडिंगच्या अडचणी विचारायला. पण कोणी एखादा प्रश्न टाकला की त्याला उत्तर मिळेमिळेपर्यंत कोणाच्या तरी ताटाचा फोटो येऊन पडे, आणि मग वांग्याच्या भरतात सांभार, म्हणजे कोथिंबीर, वरून घालायचा की फोडणीत, यावर सगळी संध्याकाळ निघून जाई. पुण्याला गेलेले तिथे जेवणाच्या आठवणीसाठी येत, इकडे राहिलेले कामासाठी.

तहरीम इकडे राहिलेली. अकोल्यात अकोट फैलात तिचं घर. घरी बसूनच ती लोकांना वेबसाइट करून द्यायची. ग्रुपवर तिचं नाव होतं झटक्यात उत्तर देणारी म्हणून, आणि तिला ते आवडायचं. आपल्या आधी दुसऱ्या कोणी उत्तर दिलं तर तिला थोडं लागायचंच.

कापसावर फवारणी करताना माणसं विषबाधा होऊन दवाखान्यात पडत होती, पेपरात रोज तसले फोटो येत होते, त्या वर्षीची ही गोष्ट. एका संध्याकाळी गोपालनं ग्रुपवर प्रश्न टाकला. गोपाल नांदगाव खंडेश्वरचा, नोकरीला अमरावतीत, शेतकऱ्यांना मोबाइलवर पिकाचे सल्ले पाठवणाऱ्या एका लहानशा कंपनीत. सल्ला लिहायचा तिथल्या तज्ज्ञानं. तो फोनाफोनांवर पोचवायचा गोपालनं. त्याची अडचण अशी, की मराठी मेसेज पहिल्या पूर्णविरामापाशीच तुटायचा, पुढचा मजकूर जायचाच नाही. साहेब डोक्यावर बसून राहिला, काय करू, असं त्यानं विचारलं.

तहरीम तेव्हा अम्मीला, रजियाबीला, दालच्यासाठी दुधी चिरून देत होती. सुरी खाली ठेवून तिनं लिहिलं, की पाठवायच्या आधी मजकुरातली सगळी टिंबं काढून टाक, एका ओळीचं काम आहे. ती ओळही तिनंच लिहून दिली. गोपालनं करून पाहिलं, मेसेज पुरा गेला, त्यानं जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. लगेच आरतीनं विचारलं की दालच्यात चिंच घालतात का टमाटर. मग गोळाभात निघाला, सांभारवडी निघाली, गप्पा महालक्ष्म्यांच्या आंबिलीपर्यंत गेल्या. गोपालच्या त्या मेसेजात असतं काय, हे कोणीच विचारलं नाही. तहरीमनंही नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दुपारी ती अब्बांचा डबा घेऊन दुकानावर गेली. हुसेनभाई फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, आणि त्या दिवसांत त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. काउंटरशी बोरगावचे वामनराव उभे होते. जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या पंपाचं नोझल पुन्हा बुजलं होतं. हुसेनभाईंनी ते उघडलं, नाकाजवळ नेलं आणि चटकन लांब धरलं. औषध एवढं घट्ट काहून, असं त्यांनी विचारलं.

वामनराव म्हणाले की मनानं नाही घातलं, सकाळी मोबाइलवर आलं तसंच मापून घातलं. खोटं वाटू नये म्हणून त्यांनी फोन काढून तहरीमपुढे धरला.

"वाच बरं बाई. मले चष्म्याबिगर दिसत नाई."

तहरीमनं वाचलं. कपाशीवरील मावा व तुडतुडे यासाठी दहा लिटर पाण्यात २५ मिली औषध मिसळावे तोंडाला रुमाल बांधावा वाऱ्याच्या दिशेने फवारावे. आधी तिला एवढंच दिसलं की वाक्यं एकमेकांत घुसली आहेत, कुठेच पूर्णविराम नाही. मग नजर मागे गेली, आकड्यावर. जन्म पंपांच्या दुकानात गेलेला. दहा लिटरला एवढं औषध कोणी घालत नाही, हे तिला माहीत होतं. त्या दोनाच्या आणि पाचाच्या मध्ये काहीतरी होतं. ते काढणारी ओळ तिची होती.

डबा तिनं काउंटरवर ठेवला, पण हात त्यावरून निघेना.

"काका, फवारणी झाली का?"

"एक पंप त हा इथं आणला. दुसरा देवमनपाशी हाय. तो सकाळपासून मारूनच राहिला."

देवमन म्हणजे वामनरावांच्या शेतात मजुरीला येणारा माणूस. त्याच्याजवळ फोन नव्हता.

तहरीमनं अब्बांना जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. टिंब होतं, ते गेलं, आणि ते आपल्यामुळे गेलं. हुसेनभाईंनी नोझल खाली ठेवलं.

"ढाई की जगह पच्चीस?"

तिनं मान डोलावली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी हात पुसले, आणि हा मेसेज अजून कोणाकोणाला गेला, असं विचारलं. सगळ्यांना, ती म्हणाली.

"तो तू उधर का देख. हम इसको देखते," म्हणून ते वामनरावांच्या गाडीवर मागे बसले. वामनरावांचं तोंड उतरलं होतं. गाडीची किल्ली त्यांना लवकर लागेना.

दोघं गेले. तहरीम उघड्या पंपांच्या मधल्या स्टुलावर बसली आणि गोपालला फोन लावला. घंटी वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आज नांदगावला त्याच्या घरी महालक्ष्म्या. फोन कुठेतरी चार्जिंगला लावून तो पंगतीत वाढत असणार. तिनं ग्रुप उघडला. आरतीनं केळीच्या पानाचा फोटो टाकला होता, त्यावर सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी, कथली, पुरण. पुण्याच्या एकानं रडकं तोंड टाकलं होतं. त्याखाली कोणीतरी विचारलं होतं की तारखा उलट्या क्रमानं लागतात, काय करू. तहरीमनं लिहिलं, गोपाल कुठे आहे, लय अर्जंट. कोणी म्हणालं पुरणात बुडाला असेल. दुसऱ्यानं विचारलं, अर्जंट म्हणजे आंबील संपली का. तिनं लिहिलं की गोपालच्या मेसेजमधला आकडा चुकला आहे. त्यावर एकानं सल्ला दिला की टेबल पुन्हा लोड करून बघ, आणि खाली लगेच कोणाच्या तरी वड्यांचा फोटो आला. रोज ती स्वतःही असंच वाचायची, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं लिहिणं सोडलं आणि आरतीला फोन लावला.

अमरावतीत आरतीच्या घरी पाहुणे होते, मागे भांड्यांचा आवाज. तिनं फोन उचलताच विचारलं की फोटो पाहिला का.

"आरती, नीट आयक. गोपालच्या मेसेजातलं टिंब गेलं. औषधाचं माप दहापट होऊन गेलं लोकाईले. लोक फवारून राहिले."

पलीकडे भांड्यांचा आवाज दूर गेला. आरती बाहेर आली असावी.

"टिंबं काढाले कोनं सांगतलं होतं?"

"म्या."

गोपालच्या साहेबाचा नंबर आपल्याकडे आहे, आधी त्याला लावते, एवढंच आरती म्हणाली. थोड्या वेळानं तिचा फोन आला. साहेब म्हणाला होता की आज सुट्टी आहे, तज्ज्ञाला विचारल्याशिवाय दुसरा मेसेज जाणार नाही, आणि घाईनं दुरुस्ती पाठवली तर चूक कबूल केल्यासारखं होईल. आरतीनं त्याला पुढे बोलू दिलं नव्हतं. मी नांदगावला निघाली, ती म्हणाली, स्कूटीनं.

दुकानात एक म्हातारे शेतकरी पंपाचा वायसर बदलायला येऊन बसले होते, नत्थुजी म्हणून. तहरीमनं त्यांना विचारलं की मेसेज आला का. आला, ते म्हणाले, उद्या सकाळी मारतो. तिनं सांगितलं की मारू नका, माप चुकीचं आहे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि हुसेनभाई कुठी गेले, असं विचारलं. पोरीच्या सांगण्यावर ते उठून जाणार नव्हते आणि विश्वासही ठेवणार नव्हते. बसून राहिले.

नांदगावचा रस्ता तिनं पाहिलेला होता, म्हणून स्कूटी कुठवर गेली असेल याचा विचार तिला थांबवता येईना. हात रिकामे ठेवणं होत नव्हतं. तिनं पुन्हा ग्रुप उघडला, आणि या वेळी कोडचा एकही शब्द न वापरता लिहिलं. फवारणीचं माप दहापट चुकून गेलं आहे. चूक माझ्या ओळीची आहे. ज्याचं घर वऱ्हाडात आहे त्यानं आत्ता घरी फोन करावा, शेजाऱ्यांना सांगायला लावावं, कृषी केंद्रवाल्याला सांगायला लावावं.

मग एकानं लिहिलं, दर्यापूरला लावला. दुसऱ्यानं, मूर्तिजापूरला मामाला सांगितलं, मामा गावात फिरून राहिला. धारणीकडच्या एकानं लिहिलं की घरी रेंज नाही, जीपवाल्याजवळ निरोप दिला. आंबिलीची चेष्टा करणाऱ्या मुलानं आपल्या तालुक्यातल्या दुकानदारांची नावं एकाखाली एक टाकली आणि कोणी कोणाला लावायचं ते वाटून दिलं. फोटो थांबले.

अब्बांचा फोन आला तेव्हा तिला उचलायची हिंमत होईना. उचलला.

"शेताच्या धुऱ्यावर पडेल होता. उलट्या हो रही हैं. जिंदा है, ला रहे हैं." मागे ऑटोचा आवाज होता आणि कोणाचं तरी कण्हणं. फोन ठेवला गेला.

तिनं नत्थुजींकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. मांडीवरचा रुमाल उचलून त्यांनी खांद्यावर टाकला.

मग आरतीच्या नंबरावरून गोपाल बोलला. पंगतीतून उठून आला होता, धाप लागल्यासारखा बोलत होता. लॅपटॉप उघडला आहे, नेट हळू चाललं आहे, पण तो ओळ दुरुस्त करतो म्हणाला. आकड्यांमधलं टिंब ठेवायचं आणि बाकीची काढायची, तर ते कसं लिहू, सांग ना. प्रश्न सोपा होता. उत्तर तहरीमच्या जिभेवर होतं. ते तिनं गिळलं.

"कोड लिहूच नको. हातानं मेसेज लिह्य. आकडा टाकू नको, अक्षरात लिह्य. अडीच मिली. सकाळचा मेसेज चुकीचा होता, असं पयले लिह्य."

"साहेबाले एकडाव विचारू का?"

"देवमन नावाचा मानूस ऑटोत हाय, गोपाल. त्याले विचार."

पलीकडून कीबोर्डचे आवाज येऊ लागले. एकदा त्यानं मजकूर वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला. मग त्यानं पाठवला, आणि अमरावतीकडून नांदगावपर्यंत येणाऱ्या त्या तुटक नेटवर चाक फिरत राहिलं. आरती मधूनमधून म्हणे, अजून फिरून राहिलं. तहरीमनं डोळे मिटून घेतले.

नत्थुजींच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढला, लांब धरला आणि एकेक अक्षर लावत वाचलं. "सकाळचा... मेसेज... चुकीचा... अ-डी-च... मिली."

"अडीच," तहरीम म्हणाली.

"हाव. अडीच." ते उठले. शेजारच्या वाडीत दोघांना सांगायचं आहे, वायसर उद्या नेतो, म्हणून निघून गेले.

देवमन वाचला. सरकारी दवाखान्यात पहिले काही दिवस तो कोणाला ओळखत नव्हता, खाटेला बांधून ठेवावं लागे. त्याच दिवसांत आसपासच्या गावांतून आणखी काही जण उलट्या होतात म्हणून आले आणि बरे होऊन गेले. त्यातले मेसेजमुळे कोण आणि एरवीच्या फवारणीमुळे कोण, हे कोणाला सांगता आलं नाही. त्या वर्षी तशी माणसं रोजच येत होती. गोपालची नोकरी गेली. साहेबानं कारण दिलं की परवानगीशिवाय मेसेज पाठवला. पहिल्या मेसेजबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

देवमन बोलू लागला असं अब्बांनी सांगितलं, तेव्हा तहरीम दवाखान्यात गेली. गोपालही अमरावतीहून एसटीनं आला होता. देवमनची बायको, रुख्मिणी, खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तहरीमनं ठरवून आणलेलं सगळं एका दमात सांगितलं. गोपाल मध्येच म्हणाला की नाही, पाठवला मीच, तपासायचं काम माझंच होतं. तहरीम म्हणाली की ओळ माझी होती. दोघांचा आवाज वाढला.

"इथं भांडू नका," रुख्मिणी म्हणाली. "आत्ताच डोया लागला त्याचा."

तिनं पदरानं देवमनच्या कपाळाचा घाम टिपला. मग वर न पाहता विचारलं, "वामनरावच्या फोनवर येते, ते वाचून सांगतेत, हा मारते. आता पुन्हा मेसेज आला, त खरा समजाचा का खोटा?"

आवाजानं देवमन जागा झाला होता, आणि डॉक्टरनं त्या दिवशी पहिल्यांदा पेज द्यायला सांगितली होती. रुख्मिणीनं वाटी तहरीमच्या हातात दिली, धर जरा म्हणाली, आणि देवमनच्या मानेखाली हात घालून त्याला थोडं उठवलं. तहरीमनं चमचा त्याच्या ओठाशी नेला. त्यानं एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ नाई यात," तो म्हणाला. आवाज अजून खरखरीत होता.

रुख्मिणीनं त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत त्यानं कशालाही नावं ठेवली नव्हती. तिचं तोंड हसल्यासारखं झालं आणि तसंच रडायला लागलं. सिस्टरला विचारून गोपाल मीठ आणायला खाली कॅन्टीनमध्ये गेला, आणि तो येईपर्यंत तहरीम वाटी धरून तिथेच उभी राहिली.