सहावा प्लग

ट्रकला घरात सगळे थोरली म्हणत आणि सुनेला धाकटी. ट्रक सासऱ्यांनी मुलाच्या लग्नाच्या कितीतरी आधी घेतलेला, तेव्हा मानाने तीच मोठी. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, उडालेला बदामी रंग आणि चढ आला की कुरकुरायचा स्वभाव. धाकटी सात वर्षं त्याच ट्रकमधून लोकांची बिऱ्हाडं हलवत होती. कपाटं, पलंग, कुंड्या, एकदा तर पिंजऱ्यासकट बोलका पोपट. नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नसे, आणि तसं तो कबूलही करी, हा त्याचा मोठाच गुण.

पण गेल्या आठ महिन्यांत थोरलीने अंग काढून घेतलं होतं. उभ्या उभ्या खोकायची, चढावर धापा टाकायची, आणि मागून असा काळा धूर सोडायची की गिऱ्हाईक आपल्या गाद्यांकडे काळजीने बघत राही. सासऱ्यांनी दोनदा ठिणगीचे प्लग बदलले, एकदा आठ महिन्यांपूर्वी नेहमीच्या वेळेला आणि एकदा हा खोकला लागल्यावर. दोन्ही वेळा चार दिवस बरे गेले आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी त्यांनी निकाल दिला: रिंगा गेल्या, इंजिन बसलं, आता हिला सोडायची. आणि स्वतःच भंगारवाल्याला चार वाजता बोलावून ठेवलं. बोलावलं तेव्हापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

धाकटीचा धंदा या एका ट्रकवर चाले. पण तिला खरा घोर सासऱ्यांचा होता. ज्या माणसाने जन्मभर एका इंजिनाशी गप्पा मारल्या, तो ते गेल्यावर बोलणार कोणाशी? भंगारवाला यायचा त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, एकदा प्लग तरी काढून बघते. सासरे म्हणाले, बघ बाई, तुझं समाधान होऊ दे, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

प्लग काढताना क्रम चुकू नये म्हणून तिने अंड्यांचा रिकामा ट्रे घेतला आणि त्यावर खडूने एक ते सहा आकडे घातले. पहिला प्लग काजळी धरलेला, तव्याच्या बुडासारखा काळा. दुसरा तसाच. पाचवाही तसाच. सहावा मात्र अगदी मागे, केबिनच्या पत्र्याला चिकटून. तिथे हात कोपरापर्यंत घालून मनगट वळवावं लागे. तिचा हात बारीक म्हणून गेला. प्लग बाहेर आला आणि ती बघतच राहिली. तो बिस्किटाच्या रंगाचा होता. प्लग असा निघाला की इंजिन खाऊनपिऊन सुखी आहे, हे सासऱ्यांनीच तिला शिकवलेलं.

प्लगवर छापलेला आकडा सगळ्यांवर सहाच होता. पण पाच एका कंपनीचे होते आणि हा सहावा दुसऱ्याच, केव्हाच बंद पडलेल्या कंपनीचा. म्हणजे दोन्ही वेळा सासऱ्यांनी पाचच बदलले होते. का, ते तिला लगेच कळलं. वर्षभर ते खुंटीवरचा सदरा डाव्या हाताने काढत होते. सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कोणीही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

ट्रे मांडीवर घेऊन ती रिक्षाने सासऱ्यांच्या नेहमीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदार जाडजूड, गळ्यात चष्मा अडकवलेला. त्याने आधी महागडा, नाजूक टोकाचा प्लग पुढे केला. ती म्हणाली, आमची थोरली जुन्या वळणाची आहे, तिला साधंच द्या. मग त्याने चष्मा चढवला, ट्रेकडे पाहिलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलेला तक्ता बोटाने खाली खाली वाचत गेला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"ताई, सहा म्हणजे सहा नव्हे," तो म्हणाला. "जुन्या कंपनीत आकडा चढला की प्लग गरम राहतो, आपली काजळी आपणच जाळतो. या कंपनीत उलटं. आकडा चढला की प्लग थंड. तुमचे सासरे सहा म्हणाले, मी सहा दिला. त्यांच्याशी वाद कोण घालणार? पण तक्ता मी बघायला हवा होता."

तुमच्या थोरलीला यातला चार नंबर, असं म्हणून त्याने सहा प्लग काढले. धाकटीने नवा प्लग जुन्याशेजारी धरून आट्यांची लांबी ताडून पाहिली, दोन्ही टोकांमधली फट पातळ पट्टीने मोजून घेतली, आणि मगच पिशवी उचलली.

साडेतीनपर्यंत पाच प्लग बसले. सहावा हातात घेऊन तिने दार वाजवलं. सासरे बाहेर आले, आणि त्यांची नजर सरळ ट्रेमधल्या बिस्किटी प्लगवर गेली. चोरी पकडली गेल्यासारखे ते उजवा खांदा चोळू लागले.

"हात जात नाही गं तिथवर," ते म्हणाले. "खांदाच वर होत नाही. म्हटलं, पाच तर पाच. सांगायचं कोणाला?"

"बरं झालं बाबा, नाही गेला ते," धाकटी म्हणाली. "गेला असता तर सहाही काळेच निघाले असते, आणि मीही म्हटलं असतं, इंजिन बसलं."

तिने त्यांना आकड्यांचा घोळ सांगितला. ते ऐकत राहिले आणि मग कपाळावर हात मारून इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं सहा सहा करत आलो, म्हणाले, आणि शेवटी आकड्यानेच मामा बनवलं. मग ते मडगार्डला टेकून उभे राहिले. तिचा हात आत गेला, आणि ते सांगत गेले: आधी नुसत्या बोटांनी फिरव, पाना नंतर, थोरलीला जबरदस्ती चालत नाही.

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. सासरे डोळे मिटून एकेका सिलिंडरचा ठोका बोटांवर मोजत होते. सहाव्या बोटाशी ते थांबले आणि त्यांनी मान डोलावली. धाकटीने खिडकीतून सांगितलं, उद्या याच गाडीतून खांदा दाखवायला जायचं. त्यांनी एरवी घातला असता तो वाद घातला नाही.

भंगारवाला वेळेवर आला. चालू इंजिन बघून गोंधळला आणि म्हणाला, न्यायचं काय मग?

सासऱ्यांनी ट्रे त्याच्यापुढे धरला. त्याने काळे पाच उचलले आणि सहाव्याला हात घातला.

"तो राहू दे," सासरे म्हणाले. "तो घरचा आहे."