चौथ्या वर्षीचा लिलाव

चष्मेवाल्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल दर वर्षी एकदा जप्त व्हायचं आणि लिलावाच्या दिवशी संध्याकाळी घरी परत यायचं. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. कुठल्या बाजूनं तिरकं केलं म्हणजे ते दारातून निघतं, हे आता चष्मेवाल्यांच्या बायकोला हमालांपेक्षा जास्त ठाऊक झालं होतं, आणि ती ते त्यांना सांगायचीही. आपलंच सामान नेणाऱ्यांना वाट दाखवणारी बाई म्हणून गल्ली तिला हसायची.

आता हे सगळं कशापायी, ते आधी सांगायला हवं. चष्मेवाले सरळ माणूस. इतके सरळ, की अशा माणसाबरोबर संसार करणारीला वळणं सगळी आपल्या अंगावर घ्यावी लागतात. तरुणपणी ते एका मोठ्या कारखान्यात भिंगं घासायला होते. दुर्बिणीची म्हणून घासत होते. दोन वर्षांनी कळलं की ती बंदुकीवर बसतात, नेम धरायला. त्या दिवशी ते घरी आले, हात धुतले, आणि पुन्हा त्या कारखान्याची पायरी चढले नाहीत. मग स्वतःचं दुकान काढलं. म्हाताऱ्यांना पेपर वाचता यावा, पोरांना फळा दिसावा, एवढ्यापुरत्या काचा घासू लागले आणि त्यावर दोघांचं बरं चाललं.

पुढं लढाई सुरू झाली. त्या वर्षी सरकारनं कराच्या कागदासोबत एक रंगीत गोल छापून पाठवला: तुमच्या शंभरातले इतके शाळांना, इतके रस्त्यांना आणि एकतीस सैन्याला. लोक खूश होतील असं वाटलं असेल बिचाऱ्यांना. चष्मेवाल्यांनी तो गोल भिंगाखाली धरून पाहिला. शंभरातले एकोणसत्तर भरले, एकतीस डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्याला दिले, आणि दवाखान्याची पावती जोडून चार पानी पत्र कर कचेरीत स्वतः नेऊन दिलं. जे हातानं करायचं सोडलं ते पैशानं करणार नाही, एवढाच त्या चार पानांचा अर्थ होता.

पत्राला उत्तर आलं नाही, जप्ती आली. धंद्याची हत्यारं कायद्यानं नेता येत नाहीत, म्हणून दुकानातल्या घासायच्या चाकाला कुणी हात लावला नाही. घरात किमतीची वस्तू एकच, ते टेबल. आणि ते बायकोचं. तिचे वडील सुतार होते. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी ते आपल्या हातानं केलेलं, आठ माणसं बसतील असं, एकही खिळा न ठोकता. वडील गेल्यावर त्यांचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. या घरात मूलबाळ झालं नाही, आठ माणसं कधी एकदम बसली नाहीत, तरी ती रोज आठही जागा पुसायची.

पहिल्या वर्षी टेबल गेलं तेव्हा ती दारात उभी राहून रडली. ते समोरच्या बेकरीवाल्यांनी पाहिलं. बेकरीवाले तिचे कुणी नात्यातले नव्हेत, पण पंचवीस वर्षं ते तिला वहिनी म्हणत आणि ती त्यांना भाऊजी. त्यांनी गल्लीत वर्गणी काढली. इस्त्रीवालीनं दिले, शाळेतल्या मास्तरांनी दिले, ज्यांच्या नाकावर चष्मेवाल्यांचा चष्मा होता त्या सगळ्यांनी दिले. लिलावाच्या दिवशी कचेरीच्या आवारात बेकरीवाल्यांनी हात वर केला, बाकी कुणी बोली चढवली नाही, आणि चौघांनी टेबल उचलून घरी आणून ठेवलं. मग त्याच टेबलाभोवती सगळ्यांनी चहा घेतला. त्या दिवशी तिच्या आठ जागा पहिल्यांदा भरल्या, उरलेले उभे राहिले. दुसऱ्या वर्षी तसंच, तिसऱ्या वर्षी तसंच. गल्लीला तो एक सोहळाच होऊन बसला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते काय, हे या गल्लीनं तीन वर्षं करून दाखवलं आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.

लक्षात आणून दिलं ते जप्ती कारकुनानं, आणि तेही बिचाऱ्यानं चांगल्या मनानं.

चौथ्या वर्षी तो यादी करायला आला. यादी कसली, एका ओळीची. तिनं त्याला चहा दिला. चहा पिता पिता तो म्हणाला, "काकू, खरं सांगू? आमच्या कचेरीत काकांइतकं चोख खातं दुसरं नाही. बाकीचे बुडवतात, हप्ते पाडून मागतात, पत्ते बदलतात. तुमचं दर वर्षी व्याजासकट, हमालीसकट पुरतं वसूल. साहेब परवा म्हणाले, असे विरोध करणारे आणखी दहा मिळाले तर आपलं काम सोपं होईल."

ती हसली. पाहुणा हसला की आपण हसायचं, या सवयीनं हसली. तो गेल्यावर मात्र तिला त्या बोलण्याचा अर्थ लागला. कप विसळून ठेवायचंही तिला सुचेना. ती तशीच दुकानात गेली.

चष्मेवाले चाकावर काच घासत होते. तिनं कारकुनाचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी चाक थांबवलं.

"म्हणजे एकतीसच्या जागी आपण चाळीस देतोय," ती म्हणाली. "आणि आपण तरी कुठं? इस्त्रीवाली देतेय. बंदूक नको, बंदूक नको म्हणता म्हणता तुम्ही ती शेजाऱ्यांच्या खांद्यावर नेऊन ठेवलीत."

त्यांनी हातातली काच पुसून ठेवली. मग खाली बघूनच म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षी हिशेब ध्यानात आला. पण टेबल परत आलं तेव्हा तुझा चेहरा बघितला ना मी. मग बोलवेना."

 चार पानी पत्रं लिहिणारा हा माणूस, सरकारला न भिणारा, तो एका लाकडी टेबलापुढं आणि तिच्या चेहऱ्यापुढं गप्प बसला होता. तिला राग आला आणि तितकीच मायाही वाटली, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस तोंडाला येईल ते बोलतो.

"मग आता सांगा सगळ्यांना, बोली लावू नका म्हणून."

"टेबल तुझं आहे. तुझ्या वडिलांचं. ते जाऊ द्या म्हणायचा मला काय अधिकार? तू म्हणशील तसं."

"वा. तत्त्व तुमचं आणि निकाल माझा."

"हो," ते म्हणाले. "असंच झालंय खरं."

लिलाव बुधवारी होता, मधे चार दिवस. सांगायचं तर आधी बेकरीवाल्यांना सांगायला हवं होतं. ती रोज दोनदा बेकरीत गेली आणि दोन्ही वेळा पाव घेऊन परत आली. गल्ल्यामागं बेकरीवाल्यांच्या धाकट्याचा फोटो लावलेला होता, नव्या गणवेशातला. पोराला आघाडीवर जाऊन सात महिने झाले होते. त्या फोटोसमोर उभं राहून, तुमची वर्गणी लढाईला जाते, हे कुठल्या तोंडानं सांगणार? ज्याचं जळतं त्याला कळतं. तिचं काय, एक टेबल. शिवाय मनाच्या तळाशी एक चोर होता, तो म्हणत होता, नकोच सांगू, यंदाही येईल परत. तो चोर तिनं ओळखला होता, पण त्याला घराबाहेर काढणं तिला जमलं नाही. घरात पाव मात्र इतका साठला की चष्मेवाले तीन दिवस तेच खात होते आणि एका शब्दानं विचारत नव्हते.

बुधवारी अकराला सगळे कचेरीच्या आवारात जमले. जुन्या सायकली, एक तिजोरी, कुणाच्या तरी खुर्च्या आणि मधोमध तिचं टेबल. उन्हात ते घरातल्यापेक्षा मोठं दिसत होतं. गल्लीतली माणसं ठेवणीतले कपडे घालून आली होती, कुणी चेष्टा करत होतं की यंदा पायांना चाकंच लावून घेऊ. चष्मेवाले टोपी हातात धरून तिच्या शेजारी उभे होते. कोपऱ्यात जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी आपला टेम्पो लावून थांबला होता, तो दर वर्षी यायचा आणि सायकली, खुर्च्या असलं काहीबाही घेऊन जायचा.

लिलाव करणाऱ्यानं बाकी, व्याज आणि हमाली मिळून टेबलाचा आकडा पुकारला. बेकरीवाल्यांनी नेहमीसारखा हात वर केला.

"भाऊजी," ती म्हणाली, "हात खाली घ्या."

तिचा आवाज तिलाच परका वाटला. आवारातलं हसणं थांबलं. बेकरीवाले वळले, हात वरच.

"काय झालं वहिनी? पैसे जमलेत सगळे. तुम्ही काळजी करू नका."

"जमलेत म्हणूनच म्हणते. हे पैसे कुठं जातात, ते मला यंदा कळलं. यांनी द्यायचे नाकारले तेच पैसे तुम्ही सगळे मिळून देताय, वर व्याज देताय. माझ्या टेबलासाठी. ते मला नको."

इस्त्रीवाली 'अगं बाई' म्हणून खाली बघू लागली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बेकरीवाल्यांचा चेहरा मात्र बदलला नाही.

"मला पहिल्यापासून ठाऊक आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मी काय दूधखुळा आहे? आमचा धाकटा तिकडं आहे, वहिनी. गेल्या पत्रात लिहिलंय, बूट फाटलेत, पाय ओले राहतात. मी मनाशी म्हणतो, यातून त्याचे बूट येतील. तुमचं टेबलही राहतं आणि त्याचे बूटही होतात. यात काय वाईट?"

वाईट काहीच नव्हतं. पोराचे पाय कोरडे राहावेत असं वाटणाऱ्या बापाला काय सांगायचं? चष्मेवाल्यांच्या चार पानांत याचं उत्तर नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, ते काही मदतीला येणार नव्हते. लिलाव करणारा घड्याळ बघत होता.

"खरंय," ती म्हणाली. "त्याच पैशातून त्याचे बूट येतात. आणि त्याच पैशातून त्याला तिथं ठेवूनही घेतात. दोन्ही खरं आहे, भाऊजी. मला त्यापुढचं काही कळत नाही. मला एवढंच कळतं, की माझ्या घरातल्या वस्तूसाठी तो तिथं आणखी एक दिवस राहिला, तर मी त्या टेबलावर जेवू शकणार नाही."

बेकरीवाले तिच्याकडे बघत राहिले. पहाटे चारला उठून पीठ मळणाऱ्या माणसाचा तो हात, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग असलेला. तो लगेच खाली आला नाही. लिलाव करणारा म्हणाला, एक वार. तो हात तसाच होता. मग बोटं मिटली, आणि हात सावकाश खाली आला. त्यांनी तो खिशात घातला आणि तोंड फिरवून भिंतीकडे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"बोली मागं घेतली असं लिहा," लिलाव करणारा शेजारच्याला म्हणाला. "आणखी कुणी?"

लाकडाच्या व्यापाऱ्यानं आकड्याच्या दहाव्या हिश्शानं मागितलं आणि त्याला मिळालं. टेम्पोत चढवायला त्याचे हमाल पुढं आले, तेव्हा मास्तर म्हणाले, थांबा. दर वर्षी जे चौघं टेबल उचलत तेच पुढं झाले. बेकरीवाले भिंतीकडून परत आले आणि त्यांनी आपला कोपरा धरला.  डावा पाय सांभाळा, एवढं ती म्हणाली, आणि त्यांनी तो सांभाळला.

चष्मेवाले आणि ती घरी चालत आले. जेवणाच्या खोलीत फरशीवर चार फिकट चौकोन उरले होते. ते पाहून चष्मेवाले म्हणाले, "मी तुला नवं करून देईन असं म्हणणार होतो. पण मला सुतारकाम येत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग दोघं स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवले.

आठवडा गेला. बेकरीवाले पाव बांधून देत, पण वहिनी म्हणत नव्हते आणि तीही आपणहून बोलत नव्हती. फोटो जागेवर होता. पोराचं पत्र आलं की नाही, हे विचारायचा धीर तिला होत नव्हता.

पुढच्या सोमवारी जप्ती कारकून परत आला. टेबलाचे जे चिल्लर पैसे आले त्यात बाकी फिटली नव्हती, आता दुसरं काहीतरी लिहून न्यायचं होतं. या वेळी त्यानं चहा नको म्हटलं. त्यानं फॉर्म काढला. त्यावर एक रकाना होता: कर न भरण्याचं कारण. दर वर्षी चष्मेवाले तिथं 'पत्र सोबत जोडलं आहे' असं लिहीत. ते दुकानातून हात पुसत आले आणि पेन घ्यायला पुढं झाले, तर पेन तिनं आधीच उचललं होतं.

तिनं बसायला जागा शोधली, मग खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानंच लिहिलं. तिचं अक्षर मोठं आणि शाळकरी होतं, रकाना पुरेना, ती समासात गेली. 'समोरच्या बेकरीवाल्यांचा मुलगा लढाईवर आहे. तरी त्यांनी बोली मागं घेतली. त्यांच्यादेखत आता आम्हाला हे पैसे भरता येणार नाहीत.' खाली तिनं आपली सही केली.

कारकुनानं कागद आपल्याकडे फिरवून वाचला. दोनदा वाचला. मग अवघडून म्हणाला, "काकू, हे चालणार नाही. कर काकांच्या नावावर आहे. सही त्यांची लागते."

"टेबल त्यांच्या नावावर होतं का?" ती म्हणाली. "ते नेलंत ना?"

 कारकुनानं फॉर्मची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि आणखी काय लिहून न्यायचं ते बघायला खोलीत नजर फिरवू लागला. ती बाजूला झाली, त्याला नीट दिसावं म्हणून.