बाबीनची उरलेली फीत

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. जुना म्हणजे असा, की मला उचलायचं तर दोन माणसं लागतात आणि टाकून द्यायचं तर कोणाचा धीर होत नाही. माझ्यावर दोन चकत्या आहेत. एकीवरची फीत दुसरीवर गुंडाळत जाते आणि मधल्या मध्ये मी माणसांचे आवाज धरून ठेवतो. माझा स्वतःचा आवाज म्हणाल तर नुसती घरघर. कोणी बटण दाबलं तरच मी बोलतो आणि तेही दुसऱ्याचंच.

डब्लिनच्या लॉलर साहेबांनी मला विकत घेतलं, घोंगडीत गुंडाळलं आणि मोटारीत घालून पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमाराला आणलं. तिथली माणसं घरात अजून आयरिश बोलत. ती भाषा त्यांच्याबरोबर मातीत जाण्याआधी फितीवर घ्यायची, हे साहेबांचं काम. खेड्यात वीज नव्हती, मी मोटारीच्या बॅटरीवर चालत असे. पण माझा मान मोठा! एका आजोबांनी तर मला पाहून टोपी काढली होती. त्या दिवसांची आठवण झाली की अजून छाती फुगते.

एका संध्याकाळी आम्ही बाबीन नावाच्या बाईच्या घरी गेलो. तिची सहा वर्षांची मुलगी डेलिया गालगुंड होऊन चुलीजवळच्या बाकावर झोपली होती. साहेबांनी आयरिशमध्ये बोलायला सुरुवात केली. त्यांची आयरिश पुस्तकातली. दोन वाक्यांत त्यांना घाम फुटला. घरी आलेल्या पाहुण्याला कष्ट पडावेत, याची त्या लोकांना मोठी लाज वाटते. बाबीन लगेच इंग्रजीवर आली.

"बाई, आयरिशमध्ये बोला ना," साहेब काकुळतीला आले.

"राहू द्या हो. तुमचा जीव कासावीस होतो, मला बघवत नाही. चहा घ्या."

"अहो, मी त्यासाठीच आलोय!"

"तेच म्हणते मी. एवढ्या लांबून आलात, आणखी त्रास कशाला?"

शेवटी साहेबांनी विचारलं, निदान मुलीशी तरी आयरिश बोलता का? बाबीन ताठ बसली. "कुत्र्याशी बोलते, गाईशी बोलते. पोरीशी नाही. कुत्रा काय बोस्टनला जाणार आहे? पोरगी पोटासाठी जाणार. तिथे ही भाषा कोण खातंय? तिच्याशी एक शब्द बोलले नाही आणि बोलणारही नाही."

साहेबांनी हात टेकले. बाबीनने त्यांना बळेबळे अंडी बांधून दिली. ती मोटारीत ठेवायला साहेब बाहेर गेले आणि मोटारीचं चाक चिखलात रुतलेलं दिसलं, ते काढत बसले. माझं बटण बंद करायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. बराच वेळ नुसती चुलीची तडतड. मग बाबीन बाकापाशी गेली, खाली वाकली आणि झोपलेल्या पोरीच्या कानाशी बोलू लागली. आयरिशमध्ये!

"अ ख्री," ती म्हणाली. म्हणजे, माझ्या काळजा. "तू झोपलीस की रोज बोलते गं तुझ्याशी. जागेपणी कशी बोलू? तुझ्या तोंडून उलट हे बोल आले, तर मला तुला पाठवता येईल का?"

मी सगळं धरून ठेवलं. साहेबांनी परत येऊन फीत काढली आणि डब्यावर लिहिलं, 'इंग्रजी. कामाची नाही.'

पुढे माझी कामाची वर्षं सरली. साहेब गेले. गॉलवेच्या एका कॉलेजाच्या तळघरात मी आणि तो डबा शेजारी शेजारी पडून राहिलो. माझ्यावर कोणी छत्र्या ठेवल्या, कोणी नाताळची रोषणाई. त्याचं मला एवढं वाटलं नाही. पोटात आईचे शब्द घेऊन बसलो होतो आणि ज्याचे त्याला देता येत नव्हते, ते मात्र डाचत राहिलं.

मग गेल्या वर्षी त्या कॉलेजात मोठी परिषद भरली. विषय, आयर्लंडचा इतिहास, संस्कृती आणि अस्मिता. प्राध्यापक फिअक्रा टियरनी हा उमदा माणूस. त्याला डबा सापडला. त्याने मला नवा पट्टा घातला, पुसून लख्ख केलं आणि व्यासपीठावर मांडलं. सत्र सुरू होण्याआधी एक पंच्याहत्तरीची बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सोबत तिचा शेजारी, फेस्टी.

"बघ डेलिया," फेस्टी म्हणाला, "आयर्लंड म्हणजे काय हे सांगायला जर्मनीहून बाई आलीये. आणि आपण दोघं अस्सल आयरिश, आपण आलोय बिस्किटं खायला."

डेलिया! मित्रांनो, माझ्या चकत्या जागच्या जागी थरथरल्या असत्या, पण आम्हा यंत्रांना तेवढीही मुभा नसते.

"आईने कुत्र्याला 'अ ख्री' म्हणावं," ती म्हणाली, "आणि मला 'गुड गर्ल'. त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा रे मला. हसू नकोस."

"मी कुठे हसतोय?"

"सत्तरी उलटल्यावर बोस्टनहून परत आले. आता पोरासोरांबरोबर आयरिशच्या वर्गात बसते. परिषदेच्या पत्रिकेत आईचं नाव वाचलं, म्हणून इथे आले. तिने माझ्याशी बोललेला एक शब्द, एकच शब्द या फितीत सापडला ना, तर तेवढ्यावर राहिलेले दिवस काढीन."

सत्र आयरिशमध्ये व्हायचं ठरलं होतं. पण जर्मन पाहुणीला समजणार नाही म्हणून सगळे भिडेखातर इंग्रजीवर आले. (ही पाहुणी नंतर चहाच्या रांगेत अशी अस्खलित आयरिश बोलली की अध्यक्षबाईंच्या हातातली बशी कलंडली.) फिअक्राने माझं बटण दाबलं. सभागृहात बाबीनचा आवाज भरला आणि डेलियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. 'तिच्याशी एक शब्द बोलले नाही आणि बोलणारही नाही.' तिथे त्याने मला थांबवलं.

"भाषा तुटते कशी," तो हळू आवाजात म्हणाला, "ते आज आपण एका आईच्याच तोंडून ऐकलं."

लोकांनी माना डोलावल्या. डेलिया उभी राहिली. "पुढे काही आहे का हो?"

"पुढे कोरी फीत आहे, मॅडम. आम्ही तपासलं. बराच वेळ नुसती खरखर, मग थांबवलं."

अरे, आणखी थोडं थांबायचं होतं! मी ओरडलो असतो. पण माझं ओरडणं त्याच्या बोटाखाली होतं. अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली आणि सगळे चहाला उठले.

डेलिया मात्र माझ्यापाशी आली. माझ्यापुढे पाटी होती, 'हात लावू नये'. तिने बोट पुढे केलं. अगदी बटणावर धरलं. दाब गं पोरी, दाब!

"दाब की," फेस्टी म्हणाला, "फाशी देतायत काय?"

"नको रे. त्या भल्या माणसाची वस्तू. बरं दिसत नाही." तिने बोट मागे घेतलं आणि डोळे पुसले. "शब्दाची पक्की होती रे माझी आई. बोलणार नाही म्हणाली, नाही बोलली."

आणि ती बस पकडायला निघून गेली. मला काही करता आलं नाही. फीत मागे गुंडाळून डब्यात गेली, मी पुन्हा तळघरात आलो.

मित्रांनो, वस्तू घासूनपुसून ठेवता हे चांगलंच आहे, पण तेवढ्याने ती जपली जात नाही. कोणी बोलता बोलता गप्प झालं, तर बोलणं संपलं असं धरू नका. थोडं बसा. खरखर ऐकू येईल, ती सोसा. आणि तुमच्यापैकी कोणी कधी गॉलवेच्या त्या तळघरात उतरलंच, तर त्या डब्यातली फीत मला लावा आणि मधे थांबवू नका. आधी डेलियाला बोलावून आणा. ती बसने तासाभरावर राहते. मी वाट पाहीन, मला दुसरं येतंय काय? पण तिच्यापाशी तेवढा वेळ नाही.