समुद्रात राहिलेले जीव

सारिनचा लेक विबोल चार वर्षं थायलंडच्या मासेमारी बोटीवर डांबलेला होता. तो जिवंत परत आला, याचे आभार कुणाकुणाचे मानावेत हेच तिला कळेना. पॅगोडात उदबत्त्या लावून झाल्या. ज्या अनोळखी कोळ्यांनी त्याला आपल्या होडीत घेतलं, त्यांच्या नावानं भिक्खूंना जेवण वाढून झालं. पण लेक आला तो अर्धाच आला, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं.

झालं असं की दुपारी तो झोपला होता आणि सहा वर्षांच्या मालिसनं बापाला हलवून उठवलं. त्याचा हात असा फिरला की पोरीचा ओठ फुटला! बोटीवर लाथ घालूनच उठवायचे, त्यामुळे हात आपोआपच उठला. पण हे लेकराला कोण समजावणार? तेव्हापासून विबोल बैलांच्या गोठ्यात झोपायचा. मालिस भाताचं ताट दारात ठेवायची आणि पळत सुटायची. बायको शहरात कपड्यांच्या कारखान्यात कामाला, महिन्यातून एकदा यायची. सारिनचं आता एकच मागणं होतं. नातीनं बापाला हात लावावा आणि बापाचा हात उठू नये.

दवाखान्यातल्या बाई भल्या होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला त्याला समोर बसवून बोलतं केलं. त्यामुळे निदान जेवण तरी जाऊ लागलं. पण माणसात एकोणीस जीव असतात आणि तो भेदरला की त्यातले काही पळून जातात, हे सारिनला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं हेंगआजोबांना बोलावलं. गावातले सगळे विधी तेच करायचे. रीतीप्रमाणे त्यांनी रानाच्या कडेला केळी, भात, मेणबत्त्या मांडल्या, कोळंबी धरायच्या बांबूच्या टोपलीनं हवेतून जीव गोळा केले, "वाघाच्या वाटेनं जाऊ नका, घरी या" म्हणून तासभर आळवणी केली आणि विबोलच्या मनगटाला दोरा बांधला. तिसऱ्या दिवशी बैलाची शेपटी लागली आणि विबोल किंचाळत उठला.

सारिन तडक आजोबांच्या दारात.

"आजोबा, माझा पोरगा गेला होता कुठं?"

"समुद्रावर."

"मग तुम्ही रानात कुणाला शोधत बसला होतात?"

आजोबा पान चघळायचे थांबले. "अगं, आजवर सगळ्यांना रानातूनच बोलावलं. मंत्रच रानाचा आहे."

"मंत्र राहू द्या. तेवढी टोपली द्या इकडं."

समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. शेजारच्या फिरुनची गाडी ठरवली आणि एका सकाळी तिघं समुद्रकाठच्या केपला निघाली. मालिस पुढं फिरुनजवळ बसली. विबोलला यायचंच नव्हतं, पण म्हातारी आई मांडीवर टोपली घेऊन बसलेली, तिला नाही कसं म्हणणार?

किनाऱ्यावर तो झाडाखालीच थांबला. पाय पुढं पडेनात. सारिननं समोर पाहिलं. "अगं बाई, एवढा!" म्हणाली आणि सारोंग खोचून सरळ गुडघाभर पाण्यात शिरली.

"विबोलच्या जिवांनो, या रे! एकोणीसच्या एकोणीस या! त्या कप्तानाचं ऐकू नका, त्याचा मुडदा बशिवला! आंबट रस्सा केलाय, अंथरूण उन्हात टाकलंय. जाळ्यात अडकला असाल तर जाळं फाडून या!"

टोपली पाण्यातून ओढायची, वाळूवर रिकामी करायची, पुन्हा आत शिरायची. खेकडे विकणारी एक बाई हसली, तर दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

"आई!" झाडाखालून विबोल ओरडला. "कोसालला पण बोलाव!"

सारिन वळली. "कोण रे कोसाल?"

"माझ्या शेजारी जाळं ओढायचा. तापानं फणफणला होता, काम होईना, म्हणून त्याला ढकलला गं पाण्यात. मी बघत होतो. जाळं सोडून त्याला धरायला गेलो नाही. घाबरलो, आई."

हे तो दवाखान्यातल्या बाईंनाही बोलला नव्हता.

"कुणाचा तो?"

"प्रेय वेंगकडचा. आईचं नाव सांगायचा. मी विसरलो."

"असू दे. मी आहे ना."

ती समुद्राकडं वळली. "कोसाल, बाळा! तू कुठं आहेस ते तुझ्या आईला ठाऊक नाही, म्हणून मी बोलावतेय. सगळेच्या सगळे या. तुझं घर सापडेपर्यंत आमच्याकडं राहा. विबोलवर रागावू नकोस, तोही तुझ्यासारखाच अडकला होता."

मागं पाणी खळबळलं. विबोल आला होता. टोपलीची दुसरी कड त्यानं धरली. मायलेकांनी मिळून ती तीनदा ओढली. मग सारिननं समुद्राला हात जोडले. "परत दिलेस, बरं केलंस," म्हणाली.

गाडीत बसताना ती विबोलला म्हणाली, "सरक. त्याला जागा दे." विबोल सरकला. फिरुननं आरशातून पाहिलं आणि गाडी हळू घेतली. त्याचंही सारिनला फार बरं वाटलं. थोड्याच वेळात विबोल तोंड उघडं टाकून घोरायला लागला आणि मालिस पुढून मान वळवून त्याच्याकडं बघत राहिली.

घरापाशी गाडी थांबली. सारिन हात न लावताच त्याला हाक मारणार, तेवढ्यात मालिसनं पुढच्या सीटवरून वाकून बापाचा गुडघा हलवला.

विबोलनं डोळे उघडले. हात मांडीवरच होते.

"घर आलं, बाबा," मालिस म्हणाली.

त्यानं पोरीकडं पाहिलं, मग आईच्या ओल्या सारोंगकडं. दोन्ही हात जोडून म्हणाला, "आई, फार उपकार झाले गं."

"उपकार कसले, मेल्या?" सारिननं डोळे पुसले. "उतर लवकर. पाहुणा उपाशी आहे."