अडकलेली नळी

आर्विड ओस्टबी मास्तरांनी चाळीस वर्षं मोंटानातल्या त्या खोऱ्यात शाळेच्या पोरांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवल्यावाचून चैन पडेना, म्हणून ते मोठ्या माणसांना घरच्या घरी काडतुसं भरायला शिकवू लागले. दर शनिवारी नेमबाजांच्या क्लबात त्यांचा एकच पाठ असे. "झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी आधी घासा, मग तिच्यावर वंगण फवारा. आणि मग थांबा! पाच मिनिटं. फवाऱ्यातलं स्पिरिट उडून गेलं की मागे लोकरीची चरबी राहते, ती खरं वंगण. फुगलेली नळी मापात आणायला ओलीच साच्यात घालाल तर रडत बसाल."

क्लबातल्यांना हे इतकं पाठ झालं होतं, की मास्तर "आणि मग" म्हणाले की सगळे एका सुरात "थांबा!" म्हणत.

त्या शुक्रवारी मास्तरांच्या गॅरेजमध्ये घाई होती. त्यांच्या मुलीला, कॅरिनला, अकरा वर्षं सोडतीत नाव घातल्यावर यंदा कुठे एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाला होता आणि हंगाम दुसऱ्या दिवशी पहाटे उघडणार होता. बंदूक तिच्या आईची. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या मापाची काडतुसं दुकानात मिळेनाशी होऊन त्याहून जास्त. घरात वीस रिकाम्या नळ्या होत्या. मास्तरांनी शब्द दिला होता, "सहा वाजता ये. वीसच्या वीस तयार, आरशासारखी!"

आरशानेच घात केला. घासायच्या यंत्रात, अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात, नळ्या तीन दिवस फिरत राहिल्या. दुसऱ्या दिवशीच त्या पुरेशा स्वच्छ झाल्या होत्या, पण मास्तरांना त्यांत स्वतःचा चेहरा दिसायला हवा होता. तो दिसला तेव्हा शुक्रवारचे दोन वाजले होते. त्यांनी भराभर वंगण फवारलं, आणि तेवढ्यात क्लबातल्या एका नवशिक्याचा फोन आला. वंगण लावल्यावर किती थांबायचं?

"पाच मिनिटं," मास्तर फोन खांद्याने कानाशी धरून म्हणाले. "घाई केलीस की संपलं." आणि बोलता बोलता त्यांनी पहिली नळी साच्यात चढवून दांडा दाबला.

नळी आत गेली, बाहेर येईना. मास्तरांनी जोर लावला तशी तिची कड फाटली, आणि नळी साच्यात मेखेसारखी बसली.

उपाय त्यांना ठाऊक होता. नळीच्या बुडाला भोक पाडायचं, आटे कापायचे, बोल्ट फिरवून ओढायचं. त्याचा खास संचही त्यांच्याकडे होता, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत होता. शेजारच्या डेल्बर्ट क्वामची नळी अडकली, तेव्हा तो त्यांनी त्याला दिला होता. डेल्बर्ट नळ्या जुन्या मोज्यात बांधून कपड्यांबरोबर धुवायचा. "याची काडतुसं बटाट्याच्या वाफ्यातून उपटलेली दिसतात," असं मास्तर भर क्लबात म्हणाले होते.

डेल्बर्ट ओसरीवर सॉसेज कापत बसला होता.

"या मास्तर! तपासणीला?"

"तो संच हवाय."

"कुणाची अडकली?"

"एकाची."

"नाव सांग की. माझं तर तू माइकवरून सांगितलं होतंस."

मास्तर कुंपणाकडे बघत म्हणाले, "माझी."

डेल्बर्ट हसला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे आतून संचाची डबी आणली, उघडली आणि तिच्यातली चिठ्ठी वाचली. "'डेल्बर्ट, पुढच्या खेपेस पाच मिनिटं थांब.' अक्षर सुरेख आहे हं तुझं. चल, मी पण येतो."

चार वाजता साचा मोकळा झाला. एकोणीस नळ्या उरल्या. मास्तरांनी त्या पुसून पुन्हा वंगण फवारलं आणि हात पुढे केला, तोच डेल्बर्टने घड्याळ समोर धरलं. "हात मागे, बाळ." पाच मिनिटं मास्तर हात मागे बांधून उभे राहिले.

सात काडतुसं भरून झाली, तेव्हा कॅरिन वेळेआधीच आली.

"बाबा, राहू दे आता." तिने कोटातून एक डबी काढली. आत वीसपैकी पंधरा काडतुसं उरली होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. "डेल्बर्टकाकांनी गेल्याच आठवड्यात भरून दिली. त्यांच्याकडे याच मापाच्या नळ्या आहेत. तू घासायला बसलास की हंगाम संपेपर्यंत उठत नाहीस, म्हणून म्हटलं..." ती डेल्बर्टकडे वळली. "काका, तुम्ही बोलला नाहीत?"

"कसा बोलणार? मास्तर किती मन लावून काम करत होता."

मास्तरांनी एक काडतूस उचलून उजेडात फिरवलं. जास्त वंगणाने नळीच्या खांद्यावर पोचा पडतो, तो त्यांनी शोधला. पोचा नव्हता. तोंड सरळ होतं.

"वंगण लावून किती थांबलास?"

"बिअर संपेपर्यंत."

"एवढं लागत नाही," मास्तर म्हणाले. मग आपली सात चकचकीत काडतुसं त्यांनी मुलीपुढे केली. "निदान ही तरी ने."

"बंदुकीचा नेम यांतली पाच झाडून या काळ्यांवर जुळवलाय, बाबा. ज्यांवर जुळवला, तीच न्यायची."

हे तिला कुणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती. मास्तरांनी सातही काडतुसं फळीवर ओळीने उभी केली आणि डेल्बर्टच्या काडतुसांच्या डबीचं झाकण नीट लावून ती मुलीच्या हातात दिली.