नायिकेनं उतरायचं कसं

आमच्या बाईंना एक खोड होती. स्वतः करून बघितल्याशिवाय कादंबरीत काही लिहायचं नाही. बाई म्हणजे मिस हेस्पर लक्स्टन. डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या घरी मी स्वयंपाकीण, तेव्हा हाल काय झाले ते मला विचारा! नायक पिंपात लपला, की बाई माझ्या पिठाच्या पिंपात. नायिकेनं तलवार उपसली, की माझी निखारे ढोसायची सळई गायब.

त्या दिवशी मात्र माझाही जीव टांगणीला लागला. बाईंची कादंबरी छापणाऱ्या साप्ताहिकाचे संपादक मिस्टर ऑडली लंडनहून मुद्दाम आले होते. शेवटच्या प्रकरणात बाईंची नायिका बुरुजाच्या खिडकीतून दोरावरून उतरते आणि स्वतःच सुटते. ऑडलींना ते पटेना. मी केलेला केक खात खात म्हणाले, पायघोळ स्कर्टातली बाई दोरावरून उतरूच शकत नाही, वाचक हसतील. नायकानं तिला खांद्यावर घेऊन उतरवावं. नाहीतर शेवट ते दुसऱ्याकडून लिहून घेणार. वर्षभर जीव ओतून उभी केलेली नायिका, अन् ती परक्याच्या हातात! बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी उतरून दाखवलं तर?" त्यांनी विचारलं.

ऑडली हसले. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तर एक अक्षर बदलणार नाही."

झालं! बाई धाडधाड जिना चढून वर. मी मागोमाग, अहो हाडं मोडतील, असं ओरडत. पण ऐकतंय कोण! शेवटी पलंगाच्या पायाला दोराची गाठ मीच मारली. गाठ तेवढी पक्की बसली म्हटल्यावर मी धावत अंगणात आले. ऑडली हिरवळीवर चहाचा कप घेऊन उभेच होते.

बाई खिडकीतून बाहेर आल्या. अर्ध्यावर स्कर्ट पन्हळीच्या आकड्यात अडकला. ओढला तरी सुटेना. खाली सरकावं तर कापड वर चढायला लागलं. मी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात बाईंनी एका हातानं कमरेचे हूक काढले, स्कर्ट राहिला पन्हळीला लोंबकळत, आणि त्या आतल्या पांढऱ्या विजारीत सरसर खाली. मी चक्क टाळ्या पिटल्या.

वळून बघते तर ऑडली कुंपणाकडं तोंड करून उभे, कान लालबुंद. सभ्य गृहस्थ ना! बाईंचा मोजा दिसला तेव्हाच पाठ फिरवली होती.

"उतरले," बाई धापा टाकत म्हणाल्या.

ऑडली कुंपणालाच सांगू लागले, की जे पाहिलंच नाही त्याची ग्वाही कशी द्यायची. असा संताप आला मला! पाठ फिरवायची आपण आणि वर नाही म्हणायचं. बाई मात्र शांत होत्या.

"हरकत नाही, पुन्हा उतरते. या खेपेला इकडं बघा म्हणजे झालं." आणि त्याच अवतारात, त्यांच्या अगदी नाकासमोरून, बाई जिन्याकडं निघाल्या.

"नको, नको," ऑडलींनी डोळ्यांवर टोपी ओढली. "छापतो. आहे तसंच छापतो. पण मिस लक्स्टन, मग त्या वेळी नायक कुठं असतो?"

"खालीच की," बाई म्हणाल्या. "पाठ करून उभा."